फिल्टरच्या डब्यात ऑइल दिसलं? लगेच इंजिन उघडू नका



आजचा विषय आपल्या मोटरसायकलचा. डेअरीला दूध, दुकानातून खताची गोणी, रात्री मोटर चालू करायला रानात चक्कर, सगळं तिच्यावरच. सर्व्हिसिंगला दिली की कधी मेकॅनिक एअर फिल्टरचा डबा उघडून दाखवतो, "ऑइल आलंय, इंजिन काम करावं लागेल." म्हणजे हजारोंचा खर्च. हो म्हणण्याआधी हे तपासा.

*ऑइल तिथे येतं कसं?*
पेट्रोल जळताना थोडा गॅस पिस्टन रिंगजवळून खाली ऑइलच्या भागात उतरतो. नव्या इंजिनातही उतरतो. तो कोंडू नये म्हणून एक रबरी नळी फिल्टरच्या डब्याला जोडलेली असते. हीच ब्रीदर नळी. गॅसबरोबर ऑइलचे बारीक कणही डब्यात येतात. थोडा ओलसरपणा असणारच. पण ऑइल साचू लागलं तर ते हवेबरोबर इंजिनात जाऊन जळतं आणि प्लग, व्हॉल्व्ह, पिस्टनवर कार्बन धरतो. मग गाडी ओढत नाही, ॲव्हरेज पडतं.

*१) आधी ऑइलची पातळी बघा*
ऑइल जास्त भरलं की जादाचं नळीतून वर येतं. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर लावा. ३ ते ५ मिनिटं चालू ठेवून बंद करा, २-३ मिनिटं थांबा. मग पट्टी पुसून बुडवा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. बहुतेक गाड्यांत पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवायची असते, पुस्तिकेत बघून घ्या. डबा आणलाय म्हणून सगळा ओतू नका.

*२) नळी आणि डबा साफ करा*
नळी दबली, तुंबली तर आत दाब वाढतो आणि ऑइल सील-गॅस्केटमधून गळू लागतं. अनेक गाड्यांत डब्याच्या तळाला बूच लावलेली छोटी नळी असते. बूच काढून साचलेलं ऑइल-पाणी सोडा, बूच परत लावा. ऑइलने भिजलेला कागदी फिल्टर धुवू नका, बदला.

*३) दुधाळ फेस दिसतोय?*
घर ते रान एवढीच चक्कर असेल तर इंजिन नीट तापत नाही. आत पाण्याची वाफ साचते आणि पट्टीवर पांढरट फेस येतो. आठवड्यातून एकदा सलग १०-१५ किलोमीटर चालवा. पण ओढ्यातून गाडी काढल्यावर सगळंच ऑइल दुधाळ झालं असेल तर आत पाणी गेलंय. बदलल्याशिवाय चालवू नका.

*४) प्लग आणि धूर*
▪ प्लग फिकट तपकिरी: ठीक.
▪ कोरडा काळा: पेट्रोल जास्त किंवा फिल्टर तुंबलेला.
▪ ओला, तेलकट काळा: ऑइल जळतंय.
▪ निळा धूर फक्त सकाळी चालू करताना: बहुधा व्हॉल्व्ह सील.
▪ रेस दिल्यावर सतत निळा धूर: बहुधा रिंग-बोअर.

*इंजिन काम खरंच कधी?*
पातळी बरोबर, नळी साफ, तरी निळा धूर येतो आणि ऑइल पुन्हा पुन्हा कमी होतं, तेव्हा. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरून किलोमीटर लिहून ठेवा, ५०० किलोमीटरनंतर परत बघा. इंजिन उघडण्याआधी मेकॅनिकला कॉम्प्रेशन तपासायला सांगा.

*हे करू नका*
❌ ब्रीदर नळीला बूच मारू नका.
❌ नळी काढून खाली लोंबती सोडू नका, धूळ-पाणी आत जातं.
❌ ट्रॅक्टरचं ऑइल टाकू नका. गिअरच्या गाडीत क्लच त्याच ऑइलमध्ये फिरतो, तो घसरतो. डब्यावर 'जासो एमए' लिहिलेलं आणि पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचंच घ्या.

काढलेलं ऑइल बांधावर, विहिरीजवळ ओतू नका. डब्यात साठवून गॅरेजवर द्या.

आज संध्याकाळी पट्टी एकदा बघाच. माहिती गावच्या ग्रुपवरही पाठवा.

🙏 आपली शेतकरी उत्पादक कंपनी