महामारी आणि शाळा : सावित्रीमाईंचा अखेरचा पाठ

शाळेची खरी परीक्षा संकटकाळी होते. महामारी शरीराला ग्रासते, त्याचबरोबर माणसाच्या मनात दुसऱ्याच्या स्पर्शाचे भय पेरते. ज्या समाजाने असे भय धर्माज्ञा म्हणून शतकानुशतके पाळले, तेथे ते अधिकच घातक ठरते. म्हणून महामारीचा इतिहास आपण अभ्यासला पाहिजे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले. दाट वस्तीत साथ झपाट्याने पसरली. हजारो लोक शहर सोडून गेले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अमलात आला. पाचव्याच दिवशी, ९ फेब्रुवारीला, गिरणी कामगारांचे पुढारी आणि सत्यशोधक रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांना मुंबईत प्लेगने गाठले. रुग्णसेवा करता करताच त्यांनी देह ठेवला.

त्याच सुमारास पुण्याजवळ हडपसरच्या ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले यांनी प्लेगग्रस्तांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीमाई तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींना शिकविणारी ही शिक्षिका आता रुग्ण शोधत फिरत होती. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या मुलाची सावलीही समाज टाळत होता, त्याला माईंनी पाठीवर घेतले. हा त्यांचा अखेरचा पाठ होय.

आपल्या परळलाही त्या साथीचा वारसा आहे. हाफकिन यांची लस-प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळला आली. प्लेगनंतर, १८९८ मध्ये, स्थापन झालेल्या इम्प्रुव्हमेंट ट्रस्टच्या परळमधील चाळीत पुढे बाबासाहेबांनी अनेक वर्षे वास्तव्य केले.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी राज्य शासनाने तोच १८९७ चा कायदा लागू केला. शाळा बंद झाल्या, वसतिगृहे रिकामी झाली. वसतिगृहाचे दार बंद होणे म्हणजे गरीब मुलाचा अभ्यास, अंथरूण आणि दोन वेळचे जेवण एकाच वेळी सुटणे. मुंबईत पालिकेच्या अनेक शाळांच्या इमारती विलगीकरणासाठी व निवाऱ्यासाठी उघडल्या गेल्या. शिक्षकांनी सर्वेक्षणाची आणि धान्यवाटपाची कामे केली. १४ एप्रिलची जयंती घरोघरी साजरी झाली. अनेक वस्त्यांत जयंतीचा खर्च शिध्याकडे वळविण्यात आला. त्या ६ डिसेंबरला अनुयायांनी चैत्यभूमीवर गर्दी न करता घरूनच अभिवादन केले. ज्यांच्या घरी उद्याची शाश्वती नव्हती, त्यांनीही शेजाऱ्याला मूठभर तांदूळ दिले. बौद्ध परंपरेत दान ही पहिली पारमिता आहे. तिला श्रीमंतीची अट नाही.

त्या काळी ‘सामाजिक अंतर’ हा शब्द सर्वत्र ऐकू आला. रोग टाळण्यासाठी शारीरिक अंतर आवश्यकच होते. सामाजिक अंतर मात्र जातिव्यवस्थेने आपल्याला फार पूर्वीच दिले होते. विद्यार्थी मित्रांनो, या दोहोंतील भेद ओळखणे हे शिक्षणाचे काम आहे. विज्ञान सांगते तेव्हा मुखपट्टी बांधा, हात धुवा, लस घ्या. पण आजाऱ्याला, परक्याला, गरिबाला मनातून दूर लोटू नका. प्रज्ञा आणि करुणा एकत्र नांदतात तेव्हाच शाळा विहार होते.

स्वाध्याय : आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, कोरोनाकाळात आपल्याला कोणी मदत केली आणि आपण कोणाला केली? दोन्ही उत्तरे वहीत लिहून ठेवा. तोही इतिहासच आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!