मुळावर आलेली

गेली बरीच वर्षं मी सकाळी चहाच्या आधी पंचांग उघडते. आज चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते बघायचं, त्या अनुषंगाने देवीचं एक रूप मनात धरायचं आणि थोडा वेळ डोळे मिटून बसायचं, एवढीच माझी साधना. दर्शन वगैरे कधी झालेलं नाही. डुलकी मात्र पुष्कळदा लागली आहे. तरी बसता बसता काही गोष्टी उमगत गेल्या.

१. तक्ता पाठ करून देवी भेटत नाही. सुरुवातीला मी वहीत रकाने आखले होते, एकीकडे ग्रह, दुसरीकडे देवी. नवदुर्गांच्या प्रचलित यादीत शुक्राला चंद्रघंटा आणि शनीला कालरात्री. दशमहाविद्यांच्या यादीत शुक्राला कमला आणि शनीला काली. मग शुक्रासाठी नेमकं कुणापुढे बसायचं? या पेचात एक अख्खं नवरात्र गेलं. शेवटी वही माळ्यावर गेली आणि एकच नियम उरला : ज्या रूपाची धास्ती वाटते, तिथे जरा जास्त बसायचं. तक्ता पाठ करणं यापेक्षा सोपं होतं.

२. आकाशात बायका पुष्कळ, पण अधिकारावर तिघीच. पुराणं म्हणतात, २७ नक्षत्रं या दक्षाच्या मुली, सगळ्या चंद्राला दिलेल्या. नक्षत्रांच्या देवता बघायला जावं तर यम, अग्नी, रुद्र, बृहस्पती अशी पुरुषांची रांग लागते. स्त्रिया म्हणाव्यात तर पुनर्वसूची अदिती, पूर्वाषाढेच्या जलदेवता आणि मुळाची निर्ऋती. अदिती सगळ्यांना सामावून घेणारी, जलदेवता जगवणाऱ्या. निर्ऋती मात्र झिजवणारी, मोडून टाकणारी. पहिल्यांचं ध्यान चटकन लागतं. निर्ऋतीपुढे बसले की मी घड्याळ बघायला लागते. आणि माझं जन्मनक्षत्र नेमकं तिचं.

३. देवीची भीती आपल्याला पत्रिकेतून शिकवली जाते. मुळाची मुलगी सासऱ्याला वाईट, आश्लेषेची सासूला, ज्येष्ठेची थोरल्या दिराला, विशाखेची धाकट्याला, हे आमच्या घरात पाढ्यांसारखं पाठ होतं. मुळाच्या चौथ्या चरणाला दोष नाही, अशी एक पळवाट असते. माझं चरण दुसरं निघालं. मग सासरा हयात नसलेली स्थळं शोधणं सुरू झालं. म्हणजे कुण्या बाईचं कपाळ आधीच पांढरं झालेलं असणं, ही माझ्या लग्नाची पात्रता. तेव्हा मला यात काही वावगंसुद्धा वाटलं नव्हतं, याचं आज नवल वाटतं. पुढे पत्रिका न बघणारं घर मिळालं. सासरे आता नव्वदीला टेकलेत आणि चहात साखर कमी पडली तर अजून खणखणीत आवाजात ओरडतात.

४. गौरी तिथीला बांधलेल्या नाहीत, नक्षत्राला बांधलेल्या आहेत. भाद्रपद शुद्ध पक्षात चंद्र अनुराधेत आला की आवाहन, ज्येष्ठेत पूजन, मुळावर विसर्जन. तिथी एखाद्या दिवसाने पुढेमागे होते, नक्षत्र ठरलेलं. कुठे पाणवठ्यावरचे खडे, कुठे तेरड्याची रोपं, विदर्भात मुखवट्यांच्या महालक्ष्म्या. रीत बदलते, नक्षत्रं तीच. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. हळदीकुंकवाची पावलं मीच काढत असे. पण ज्या ज्येष्ठेवर आपण गौरीला पुरणपोळी आणि सोळा भाज्या वाढतो, त्याच ज्येष्ठेच्या मुलीची पत्रिका परत पाठवतो, ही दोन टोकं डोक्यात एकत्र यायला पन्नाशी उलटावी लागली.

५. मन ढासळलेलं असतं तेव्हाच आईला बोलवायचं असतं. अनुराधा आणि ज्येष्ठा ही दोन्ही नक्षत्रं वृश्चिकेत येतात. ज्योतिषात चंद्र हा मनाचा आणि आईचा कारक, आणि वृश्चिक ही त्याची नीच रास. त्याला जिथे सगळ्यात दुबळा मानतात, तिथेच गौरी घरात येते. ही सांगड कुणी जाणून घातली असेल असा माझा दावा नाही. पण ती लक्षात आल्यापासून मन प्रसन्न व्हायची वाट बघत मी बसत नाही. चिडलेली, रडवेली, जशी असेन तशी बसते.

६. दोन बहिणींतली एकच आपल्याला हवी असते. पुराणांत ज्येष्ठा नावाची एक देवीही आहे. समुद्रमंथनातून लक्ष्मीच्या आधी आलेली तिची थोरली बहीण, म्हणजे अलक्ष्मी. हातात केरसुणी, वाहन गाढव. दिवाळीत आपण नवी केरसुणी आणून लक्ष्मी म्हणून पुजतो. हत्यार थोरलीचं, पूजा धाकटीची! मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने १९३८ साली मातेच्या आदिबंधाबद्दल बोलताना तिची दोन तोंडं सांगितली, माया करणारं आणि गिळणारं, आणि उदाहरण कालीचं दिलं. आमच्या आजीने युंग वाचला नव्हता. पण भांडी घासताना तिचा चेहरा एक आणि आम्हाला जेवू घालताना दुसरा असे, आणि दोन्ही तिचेच होते.

७. वर बघितलं की पोथीतली भीती कमी होते. गौरीपूजनाच्या संध्याकाळी ढगांनी कृपा केली तर दक्षिण-नैर्ऋत्येला बघावं. अर्ध्याच्या आसपास चंद्र आणि त्याच्या परिसरात एक तांबूस तारा, ती ज्येष्ठा. विंचवाच्या नांगीकडे मूळ. माझ्या वाट्याचं आकाश मी प्रथम पाहिलं तेव्हा काही अघोरी दिसेल असं वाटलं होतं. दिसले ते नुसते तारे, चांगले ठसठशीत.

८. निरोपाचं काम मुळाकडे आहे, आणि ते हलकं नाही. आलेल्या गौरीला वेळेवर जाऊ देणं हे निर्ऋतीचंच खातं म्हणायचं. सोडून देणं मला अजून जमत नाही. जुन्या साड्या आणि जुने राग कपाटात तसेच आहेत.

पत्रिका बघावी की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी स्वतः रोज पंचांग बघते, मी काय सांगणार? मागणं एवढंच आहे. मुळाच्या किंवा ज्येष्ठेच्या मुलीची पत्रिका पुढ्यात आली, तर ती परत पाठवण्याआधी भाद्रपदाचं पान उघडून आपल्या घरी गौरी कोणत्या नक्षत्रांवर येतात आणि जातात, ते एकदा वाचा.