न्यूट्रलवरची बचत

नवी गाडी दारात आली की पेढा तोंडात असतानाच पाहुणे विचारतात, "अॅव्हरेज किती देते?" ब्रेक कसे आहेत, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. एसटीत ड्रायव्हर होतो तेव्हाही हाच प्रश्न असायचा, फक्त त्याचं नाव वेगळं. दहा लिटर डिझेलमागे गाडी किती किलोमीटर गेली, त्याला आमच्यात केपीटीएल म्हणतात. ज्याचं केपीटीएल सारखं कमी, त्याला आगारात विचारणा व्हायची. त्यामुळे इंधन वाचवायचे जेवढे म्हणून उपाय ड्रायव्हर लोकांत चालतात, ते खरेखोटे सगळे मला ठाऊक आहेत. निवृत्त झाल्यावर लहान गाडी घेतली, चार घरच्या लोकांच्या गाड्यांत बसू लागलो, आणि त्यातला सगळ्यात खोटा उपाय घरोघरी पोचलेला दिसला. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची.

माझ्या भाच्याचंही तेच. कराडहून चिपळूणला त्याच्या गाडीतून येत होतो. हजार सीसीच्या आतली गाडी, आत आम्ही पाच माणसं, डिकीत ज्वारीचं पोतं आणि गुळाच्या ढेपी. हेळवाक मागे पडलं, कुंभार्ली घाटाचा माथा आला तसा त्याने गिअरचा दांडा मध्ये आणला आणि म्हणाला, "मामा, आता पोफळीपर्यंत पेट्रोल लागत नाही बघा." मी म्हटलं, अरे गिअरमध्ये घे. तर म्हणे, तुमची बस वेगळी, ही हलकी गाडी आहे.

हलकी गाडी म्हणजे किती हलकी? अशी गाडी रिकामी असताना साडेसातशे-आठशे किलोची असते. पाच माणसं आणि सामान चढवलं की वजन जवळजवळ निम्म्याने वाढतं. म्हणजे अकराशे किलोच्या वर ऐवज डोंगरावरून खाली आणायचा. पाचशे मीटर उंची उतरायची असेल तर त्या वजनातली सगळी ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. हिशेब केला तर ती भरते दीड युनिट. हजार वॅटची इस्त्री दीड तास चालू ठेवली तर जेवढी उष्णता निघेल, तेवढी. न्यूट्रलवर ती जवळपास सगळी ब्रेकवर येते, म्हणजे पुढच्या दोन डिस्क, मागचे दोन ड्रम आणि तळहातापेक्षा लहान पॅड, आणि तीही वीस-पंचवीस मिनिटांत. गाडी गिअरमध्ये असली तर तिच्यातला मोठा वाटा इंजिन घेतं, कारण चाकांना इंजिन फिरवत न्यावं लागतं.

निम्मा घाट उतरलो आणि जळका वास यायला लागला. मागे बसलेल्या बहिणीला वाटलं बाहेर कुणी टायर जाळलाय. पुढच्या वळणाला भाचा एकदम म्हणाला, "मामा, पेडल खाली जातंय." त्याचा आवाज ऐकून मागची बडबड थांबली.

अशा वेळी काय करायचं ते क्रमाने सांगतो, कारण तेव्हा विचार करायला वेळ नसतो. पेडल भराभर चार-सहा वेळा दाबायचं, म्हणजे पंप मारायचा. त्याने थोडा दाब परत मिळतो. त्याच वेळी क्लच दाबून, किंचित रेस देऊन तिसरा गिअर टाकायचा, वेग थोडा मोडला की दुसरा. एकदम पहिला टाकायला जाऊ नये. वेगात तो बसत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्येच राहते. हँडब्रेक शेवटी, तोही सरळ रस्त्यावर, बटण दाबून धरून, थोडा थोडा ओढत. तो फक्त मागची चाकं धरतो. वळणावर हिसका देऊन ओढलात तर गाडी गरकन फिरते. काही केलं तरी चावी फिरवायची नाही. आणि अगदीच थांबेना तर दरीकडे न जाता डोंगराच्या कडेला घासत न्यायची. पत्रा वाकला तर वाकू दे.

आम्हाला डोंगराला घासावं लागलं नाही. दुसऱ्या गिअरवर गाडी गुरगुरत हळू झाली आणि एका रुंद जागेवर उभी राहिली. चाकांखाली दगड लावले. भाचा बाटली घेऊन डिस्कवर पाणी ओतायला निघाला होता, त्याला अडवलं. लालबुंद तापलेल्या लोखंडावर थंड पाणी पडलं की डिस्क वाकडी होते, कधी तडकतेही. नुसतं थांबायचं. गार झाल्यावर पेडल परत घट्ट लागलं, तसे आम्ही दुसऱ्या गिअरवर खाली उतरलो.

चिपळुणात मेकॅनिकने ब्रेक ऑईलची टाकी उघडून दाखवली. आत काळपट काढा. गाडी घेतल्यापासून ते बदललेलंच नव्हतं. ब्रेक ऑईल हवेतला दमटपणा शोषून घेतं, आणि कोकणातल्या हवेत दमटपणाला काय तोटा. ते जेवढं जुनं आणि ओलं, तेवढं कमी तापमानाला उकळतं. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. मग पेडल जमिनीला टेकतं आणि चाकाला काही कळत नाही. गार झालं की वाफेचं परत तेल होतं आणि सगळं ठीक वाटायला लागतं. यातली वाईट गोष्ट हीच. गॅरेजात गाडी नेली तर ब्रेक छान लागतात, आणि पुढच्या घाटापर्यंत माणूस निर्धास्त होतो.

आता पेट्रोलचं. ही न्यूट्रलची समजूत अगदी हवेतून आलेली नाही. 1983 साली मारुती 800 आली तेव्हा ती कार्ब्युरेटरची होती. कार्ब्युरेटरला डोकं नसतं. इंजिन वेगात फिरलं की ते पेट्रोल ओढतं, मग ड्रायव्हरचा पाय रेसवर असो वा नसो. तेव्हा उतारावर न्यूट्रल केलं तर इंजिन मंद फिरायचं आणि थोडं पेट्रोल वाचायचंही. आजच्या गाड्या इंजेक्शनच्या आहेत. तुम्ही गिअरमध्ये असताना रेसवरून पाय काढला आणि चाकं इंजिनाला फिरवत असली, की गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण बंद करतो. फेरे आयडलिंगच्या जवळ आले की परत चालू करतो. ज्या गाड्यांत चालू अॅव्हरेज दिसतं, त्यांत हे डोळ्यांनी बघता येतं. काटा शेवटच्या टोकाला जाऊन बसतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवायला पेट्रोल लागतं, लहान इंजिनाला तासाला साधारण अर्धा-पाऊण लिटर. म्हणजे त्या दिवशी पोफळीपर्यंत न्यूट्रलवर यायला भाच्याला वीसेक रुपयांचं पेट्रोल जाळावं लागलं असतं. गिअरमध्ये ते जवळजवळ फुकट झालं असतं.

कुणी म्हणेल, हलक्या उतारावर गिअरमध्ये गाडी अडते, न्यूट्रलवर लांब जाते, तिथे तर वाचतं ना? तिथे कदाचित थेंबभर वाचेलही. पण समोर म्हैस आली आणि बाजूला काढायला जोर हवा असेल, तेव्हा हातात गिअर नसतो. मला तो थेंब नको.

काही जण याच्या पुढे जाऊन इंजिनच बंद करतात. ट्रकवाल्यांमध्ये ही खोड जुनी. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता आहे, तिथे नोव्हेंबर 2022 मध्ये एका अवजड वाहनाने एकामागून एक कितीतरी गाड्या उडवल्या. डिझेल वाचवायला चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं. लहान गाडीत इंजिन बंद झालं की ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांपुरता साथ देतो, नंतर पेडल दगडासारखं लागतं. पॉवर स्टेअरिंग जड होतं. आणि चुकून चावी निघाली तर स्टेअरिंग लॉकच होतं. असली बचत कुणी तुम्हाला शिकवत असेल, तर त्याच्या गाडीत बसू नका.

जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा. लहान गाडीलाही हे जसंच्या तसं लागू आहे. पाटी यायची वाट बघू नका. चढताना कुठे दुसरा लागला असता ते ओळखा आणि उतार सुरू व्हायच्या आधीच तो टाका. ब्रेकवर पाय ठेवून खरडत जाऊ नका. वेग वाढला की नीट दाबा, वेग कमी करा, पाय पूर्ण काढा. ब्रेकला मध्ये श्वास मिळाला पाहिजे. ऑटोमॅटिक म्हणून मिळणाऱ्या एएमटी गाड्यांत दांडा एम वर घेऊन गिअर स्वतः धरता येतो; घाटात तसाच धरा. आणि त्याच गाड्या चढावर रांगेत रेस देऊन जागच्या जागी तोलू नका, क्लच जळतो. तिथे सरळ ब्रेक दाबून उभे राहा.

चढताना उलटी चूक होते. लोकांना वाटतं वरचा गिअर म्हणजे कमी पेट्रोल, म्हणून तिसऱ्यावर गाडी खोकत, थरथरत ओढत राहतात. इंजिनाला दम लागलाय हे ऐकू येत असताना खालचा गिअर टाकण्यात कसली लाज? भरल्या गाडीत पुढच्या ट्रकला ओलांडायचं असेल तर आधी एसी बंद करा, दुसऱ्यावर या, समोरचा रस्ता लांबवर दिसत असेल तरच निघा. दिसत नसेल तर मागे राहा, तो काही दिवसभर पुढे राहणार नाही.

बसच्या ड्रायव्हरच्या बाजूने एक गोष्ट सांगायची राहू नये. त्या उंच सीटवरून पुढच्या काचेखाली, डाव्या कोपऱ्यात घुसलेली लहान गाडी आम्हाला दिसतच नाही. तुम्हाला वाटतं आपण बसच्या शेजारी आहोत; आमच्यासाठी तिथे मोकळा रस्ता असतो. बसच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही असं धरून चाला. आणि बसपुढे घुसून ब्रेक मारणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही, छापता येणार नाही.

आमच्यात चांगलं केपीटीएल काढणारे ड्रायव्हर मी बघितलेत. ते सावकाश चालवायचे असं नव्हे, वेळेवर पोचायचे. पण त्यांचे ब्रेक लायनर इतरांपेक्षा जास्त टिकायचे. पुढे सिग्नल लाल दिसला, थांब्यावर माणसं दिसली, की ते तिथूनच रेस सोडायचे. ब्रेक म्हणजे आधी विकत घेतलेलं पेट्रोल उष्णता करून हवेत सोडणं, हे त्यांच्या पायाला कळलेलं होतं. लहान गाडीत बसणारा खाली बसतो, ट्रकच्या पलीकडचं त्याला दिसत नाही, म्हणून त्याने अंतर जास्तच ठेवायला हवं. ताशी 80 च्या वेगाने दोन सेकंदांत गाडी चाळीस-पंचेचाळीस मीटर जाते. एवढं अंतर किमान, पावसात दुप्पट. मध्ये कुणी घुसलं तर घुसू द्या.

वेगाचा हिशेब तर आणखी सोपा आहे. समृद्धी महामार्गावर मोटारींना 120 ची मुभा आहे, म्हणून लहान गाड्याही तेवढ्याने पळतात. 80 वरून 120 वर गेलात की वाऱ्याचा अडथळा सव्वादोनपट होतो. धडक बसली तर तिच्यातली ऊर्जाही तेवढीच, सव्वादोनपट. पेट्रोलचं बिल आणि हाडांचं बिल एकाच पाढ्याने वाढतं.

टायरबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे, की उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो. हवा कमी असली की टायरची कड जास्त दबते, जास्त तापते आणि तीच फुटते. शिवाय गाडी जड ओढते, अॅव्हरेज पडतं. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर कंपनीने आकडा चिकटवलेला असतो, भरल्या गाडीसाठी वेगळा. टायर गार असताना, सकाळी जवळच्या पंपावर, तो भरा. स्टेपनीचीही बघा.

बाकी गोष्टी तुम्हाला माहीत आहेत. रिकामा कॅरिअर टपावरून उतरवून ठेवा. मागच्या सीटवरही पट्टा लावा. धुक्यात-पावसात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही कुठे वळणार ते कळत नाही. घाटात रस्ता अरुंद असेल तर वर येणाऱ्याला आधी वाट द्या. आपुलकीने म्हणून नव्हे, नियमच तो आहे.

गणपतीला गावी निघणार असाल तर आधी सर्व्हिसिंगचं पुस्तक काढा आणि ब्रेक ऑईल कधी बदललं ते बघा. दोन वर्षं उलटली असतील किंवा नोंदच सापडत नसेल, तर निघायच्या आठवड्यात बदलून घ्या. लहान गाडीला खर्च फार येत नाही, एका टाकी पेट्रोलपेक्षा कमीच.