सभेला चला

बुधवार पेठ हा पुणे शहराचा गजबजलेला भाग आहे. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकाने आहेत. तपकीर गल्लीत विजेच्या सामानाचा बाजार आहे. याच पेठेतील भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली.

समजा, या पेठेतील एका अरुंद गल्लीतला दिवा महिनाभर बंद आहे. शिकवणीहून परतणारी मुलगी अंधारात घाबरते. घरी येऊन ती विचारते, "अब्बा, दिवा कधी लागणार?"

अब्बा म्हणतात, "बेटी, कुरकुर सगळेच करतात, सांगायला कोणी जात नाही."

"मग आपण जाऊ या ना!"

पण जायचे कोठे? शहराचा कारभार पुणे महानगरपालिका पाहते. तिची स्थापना १५ फेब्रुवारी १९५० रोजी झाली. बुधवार पेठेसाठी कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालय आहे. १९९३ साली ७४वी घटनादुरुस्ती अमलात आली. तिच्यानुसार तीन लाख किंवा अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असतात. पुण्यात मोहल्ला समितीच्या सभाही भरत आल्या आहेत. तेथे नागरिक अधिकाऱ्यांसमोर आपले प्रश्न मांडतात. सभेचा दिवस व वेळ कार्यालयात विचारून घ्यावी.

सभेला जाण्यापूर्वी अर्ज लिहावा. त्यात जागा, अडचण आणि ती केव्हापासून आहे, हे स्पष्ट लिहावे. शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. सभेत थोडक्यात व नम्रपणे बोलावे. मिळालेले उत्तर वहीत टिपून ठेवावे. काम झाले नाही, तर पुढच्या सभेत पुन्हा विचारावे.

आणखी एक मार्ग आहे. अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून लहान कामांच्या सूचना मागवण्याची पद्धत महानगरपालिकेने २००६ साली सुरू केली. पदपथ, दिवे, बाके अशी कामे त्यात सुचवता येतात.

"माझ्या एकट्याच्या बोलण्याने काय होणार?" असे कोणी म्हणेल. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव सभेपुढे आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा, असे जोतीरावांचे मत होते. ठरावाच्या विरोधात त्यांचे एकट्याचेच मत पडले. ठराव मंजूर झाला. पण त्यांचे ते एक मत लोक आजही विसरलेले नाहीत.

मुलांनो, गल्ली आपली आहे. तिच्यासाठी बोलणे हे आपलेच काम आहे.

शब्दार्थ
कुरकुर करणे – नाराजीने पुटपुटणे
पोच – अर्ज मिळाल्याची सही व शिक्का
अंदाजपत्रक – वर्षाच्या जमाखर्चाचा आराखडा
ठराव – सभेपुढे मांडलेला निर्णय

स्वाध्याय
१. अर्जात कोणत्या गोष्टी लिहाव्यात?
२. जोतीरावांनी खर्चाला विरोध का केला?
३. तुमच्या गल्लीतील एका अडचणीविषयी क्षेत्रीय कार्यालयाला अर्ज लिहा.