पत्त्यांचे पट्टे आणि मोबाईलची वेस

मोबाईलवरून एखाद्या नकोशा संगणकाशी होणारी देवाणघेवाण थांबविणे सोपे. पण त्याच्या शेजारपाजाऱ्यांसह सबंध पट्टाच बंद करावयाचा, तर थोडे अंकगणित करावे लागते.

चौथ्या आवृत्तीचा आयपी पत्ता म्हणजे ३२ द्विमान अंकांची एक संख्या होय. आपण ती चार तुकड्यांत लिहितो, इतकेच. पिनकोडात ५९० म्हटले की बेळगाव परिसर, आणि नुसते ५ म्हटले की कर्नाटक, आंध्र, तेलंगण सारेच आले, तसेच येथेही. २०३.०.११३.०/२४ यात पहिले २४ अंक ठरलेले व उरलेले ८ मोकळे, म्हणून पत्ते २५६. तेच /१६ केले तर ६५,५३६. तिरप्या रेघेपुढचा आकडा जितका लहान, तितका पट्टा मोठा. नवशिक्याची गफलत हमखास येथेच होते. (हा पट्टा केवळ पुस्तकी उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे, तेव्हा कोणाचे दार बंद होण्याची भीती नाही.)

आता फोनकडे वळू. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये असे पट्टे लिहावयास जागा नाही. आत लिनक्सचे आयपीटेबल्स असते, पण 'रूट'चे अधिकार मिळविल्याखेरीज त्यास हात लावता येत नाही. यावर तोड निघाली ती २०११ च्या अँड्रॉइड ४.० मध्ये. व्हीपीएन उभारण्याची सोय सामान्य अ‍ॅपांनाही मिळाली. अ‍ॅप फोनातच एक लटका बोगदा उघडते, ठराविक पट्ट्यांकडे निघालेली पाकिटे त्यात वळवून घेते आणि पुढे पाठवीतच नाही. बाकीची पाकिटे नेहमीच्या वाटेने जातात. मात्र असा बोगदा एका वेळी एकच चालतो. खरा व्हीपीएन हवा असेल तर हा बंद करावा लागतो.

या बोगद्याची वाट तिरप्या रेघेच्या भाषेतच सांगावी लागते. समजा, वरील पट्ट्यात शेवटचा तुकडा १० ते २० असलेले ११ पत्ते रोखावयाचे आहेत. एका ओळीत ते बसत नाहीत. १० पासून /३१, १२ पासून /३०, १६ पासून /३० आणि २० साठी /३२ अशा चार ओळी होतात, २+४+४+१. आळस करून ० पासून /२७ लिहिले, तर ० ते ३१ सगळेच बंद, म्हणजे २१ निरपराध नाहक अडकले.

फोनवर हे २१ खपून जातील. सरकारने हाच आळस केला तर काय होते, ते रशियात दिसले. एप्रिल २०१८ मध्ये तेथील नियामक संस्थेने टेलिग्राम रोखण्यासाठी अ‍ॅमेझॉन व गूगल यांचे पट्टेच्या पट्टे, दीड कोटीहून अधिक पत्ते, बंद केले. टेलिग्रामशी संबंध नसलेल्या अनेक सेवा कोलमडल्या. टेलिग्राम मात्र पत्ते बदलीत चालूच राहिले. जून २०२० मध्ये बंदी उठविण्यात आली.

राहिली सहावी आवृत्ती. तिचा पत्ता १२८ अंकांचा, आणि आपल्याकडील मोबाईल जाळ्यांवर तो सर्रास चालतो. अ‍ॅपाने ती वाट मोकळी ठेवली असेल, तर ३२ अंकांची यादी कितीही चोख असली तरी फोन तिकडून पोहोचतो. तिची यादी निराळी करावी, आणि तेथे सुटा पत्ता रोखू नये. एकाच जोडणीला बहुधा सबंध /६४ मिळालेला असतो.