गुग्गुळ, मेद आणि अनेक अभ्यासांची एक सरासरी

‘गुग्गुळाने कोलेस्टेरॉल उतरते का?’ या प्रश्नाला आजचा रुग्ण आपणाकडून आकड्यांत उत्तर मागतो. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनावरून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात १९६६ साली या द्रव्यावर प्रबंध सादर केला, तेव्हापासून आकडे पुष्कळ जमले आहेत. मात्र ते एकमुखी नाहीत. भारतात ६१ रुग्णांवर झालेल्या व १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २४ आठवड्यांनंतर एलडीएल सुमारे १२.५ टक्के घटले. फिलाडेल्फिया येथे १०३ प्रौढांवर झालेल्या व २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ आठवड्यांनी ते उलट ४ ते ५ टक्के वाढले, तर केवळ प्लासिबो घेणाऱ्यांत ते ५ टक्के घटले. शिवाय औषध घेणाऱ्यांपैकी सहा जणांना त्वचेवर पुरळ उठले.

अशा वेळी ‘मेटा-अ‍ॅनालिसिस’ अर्थात एकत्रित विश्लेषण उपयोगी पडते. यात साधी सरासरी काढीत नाहीत. प्रत्येक अभ्यासाला त्याच्या प्रमाण त्रुटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात भार देतात. समजा, एका अभ्यासात घट १२ एकक व प्रमाण त्रुटी २ आहे. दुसऱ्यात घट २ व त्रुटी १. भार अनुक्रमे पाव व एक. साधी सरासरी ७ येते, भारित सरासरी ४. नेमक्या अभ्यासाचे म्हणणे अधिक ऐकले गेले, हे योग्यच.

परंतु हे ४ कोणाचे? दोन्ही अभ्यासांपैकी कोणाचेच नव्हे. म्हणून सरासरीपूर्वी विषमता तपासावी. वरील उदाहरणात दोन निष्कर्षांतील फरकाचा वर्ग १००. त्यास दोन्ही त्रुटींच्या वर्गांच्या बेरजेने, म्हणजे ५ ने, भागले असता २० येतात. त्यातून १ वजा करून पुन्हा २० ने भागले की विषमतेचा निर्देशांक ९५ टक्के मिळतो. इतका मोठा आकडा दिसला की एकत्रीकरण थांबवून कारण शोधावे, असे आमचे मत आहे. ‘यादृच्छिक परिणाम’ पद्धतीने विश्वासमर्यादा रुंद होते, पण कारण काही सापडत नाही.

गुग्गुळाच्या बाबतीत कारणे आपल्या परिचयाची आहेत. भारतीय अभ्यासात दोन्ही गटांना फळे व भाज्यांनी युक्त आहार होता, अमेरिकेतील सहभागींचा आहार नेहमीचा पाश्चात्त्य. कालावधीही एक नव्हता. आणखी एक गोष्ट औषधनिर्मात्यांनी ध्यानी घ्यावी : दोन्हीकडे वापरले ते गुग्गुलिपिड, म्हणजे निर्यासाचा इथिल अ‍ॅसिटेट अर्क. त्रिफळा क्वाथात शोधन केलेल्या गुग्गुळाच्या वटीविषयी या दोहोंतील एकही आकडा थेट काही सांगत नाही, मग तो अनुकूल असो वा प्रतिकूल. खोक्यावर तो छापणे म्हणूनच अयोग्य.

आपल्या चिकित्सालयांतून येणाऱ्या अहवालांत बहुधा ‘उत्तम लाभ ७० टक्के’ एवढेच लिहिलेले असते. असा अहवाल कोणत्याही एकत्रित विश्लेषणात बसत नाही. दोन्ही गटांतील रुग्णसंख्या, चिकित्सेपूर्वीची व नंतरची सरासरी, प्रमाण विचलन, मध्येच चिकित्सा सोडणारे, द्रव्याचे शोधन व मात्रा ही माहिती द्यावी; आणि लाभ न दिसलेले अभ्यासही कपाटात न ठेवता प्रसिद्धीस पाठवावेत.