वार्धक्यातील मुग्धभ्रांती आणि शुश्रूषा

समजा, पंचाहत्तर वर्षांची एक वृद्धा खुब्याचे हाड मोडल्यामुळे रुग्णालयात दाखल झाली आहे. शस्त्रक्रिया निर्विघ्नपणे पार पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलाशी नेहमीप्रमाणे बोलली. रात्री मात्र तिला भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या, ती सलाइनची नळी ओढू लागली आणि पोटच्या मुलाला परका समजू लागली. अशा वेळी 'वय झाले, दुसरे काय?' असे म्हणून घरची मंडळी उसासा टाकतात. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हणही त्यांच्या मदतीला येते. परंतु हा निष्कर्ष चुकीचा असून रुग्णाच्या जिवावर बेतणारा ठरू शकतो.

मुग्धभ्रांती म्हणजे काय?

वैद्यकशास्त्रात या अवस्थेस 'डेलिरियम' असे नाव आहे. 'नांगराच्या तासातून बाहेर जाणे' हा त्यामागील लॅटिन शब्दांचा अर्थ होय. मराठी परिभाषेत तिला मुग्धभ्रांती म्हणतात. तापात असंबद्ध बडबडणाऱ्या रोग्याला 'वात झाला' असे जे म्हटले जाई, ते याच अवस्थेला अनुलक्षून.

शरीरात काहीतरी बिघडल्याची मेंदूने दिलेली ही सूचना असते. न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग, शरीरातील पाणी किंवा रक्तातील सोडियम कमी होणे, लघवी तुंबणे, बद्धकोष्ठ, असह्य वेदना, झोपेची व सर्दीची काही औषधे, अशी तिची कारणे अनेक आहेत. आणि पुष्कळदा ती एकाहून अधिक असतात. म्हणून भ्रांतीची खरी चिकित्सा म्हणजे या कारणांचा शोध व त्यांवरील उपचार.

ओळखावी कशी?

स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे हळूहळू वाढत जातो. मुग्धभ्रांती काही तासांत वा दिवसांत उद्भवते आणि एकाच दिवसात कमीअधिक होत राहते. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला ती होण्याचा संभव अधिक असतो. तेव्हा अशा रुग्णाच्या वागण्यात एकाएकी फरक पडल्यास 'जुनाच आजार' म्हणून स्वस्थ बसू नये.

अमेरिकेतील डॉ. शॅरन इनूये व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली ओळखण्याची एक सोपी पद्धत प्रसिद्ध केली. तीत चार लक्षणे पाहतात: (1) एकाएकी झालेला व कमीअधिक होणारा बदल, (2) अवधान न टिकणे, (3) विचारांतील विस्कळीतपणा, (4) जागृतीच्या पातळीतील फरक. पहिली दोन आणि उरलेल्यांपैकी कोणतेही एक आढळल्यास मुग्धभ्रांती समजावी. अवधान पाहण्यासाठी रुग्णाला आठवड्याचे वार उलट क्रमाने म्हणावयास सांगता येते.

येथे एक सावधगिरी हवी. आरडाओरडा करणारा रुग्ण सर्वांच्या नजरेत येतो. परंतु पुष्कळ रुग्ण उलट गप्प व सुस्त होतात, जेवणावरची वासना उडते. 'आज आजी शांत आहेत' असे समजून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते.

प्रतिबंध हाच मुख्य उपाय

अमेरिकेतील येल विद्यापीठाशी संलग्न रुग्णालयात सत्तर वर्षे व त्यांवरील 852 रुग्णांचा अभ्यास करण्यात आला. तो 1999 साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या व्यवस्थेतील रुग्णांपैकी 15 टक्क्यांना मुग्धभ्रांती झाली. विशेष शुश्रूषा लाभलेल्यांत हे प्रमाण 9.9 टक्के होते. या शुश्रूषेत कोणतेही महागडे औषध नव्हते. रुग्णाला वार व स्थळ यांची आठवण देणे, त्याला दिवसातून अनेक वेळा हिंडविणे, पाणी पाजणे, चष्मा व श्रवणयंत्र हाताशी ठेवणे, रात्री झोपेच्या गोळीऐवजी कोमट दूध देणे, पाठ चोळणे आणि वॉर्डातील गोंगाट कमी करणे, एवढेच तिचे स्वरूप. मात्र भ्रांती एकदा जडल्यावर तिची तीव्रता या उपायांनी फारशी घटली नाही. सेवा आधीपासून सुरू व्हावयास हवी, हाच यातील बोध.

भ्रांती झाल्यावर

प्रथम डॉक्टरांना त्वरित कळवावे. बदल केव्हापासून झाला आणि कोणती औषधे चालू आहेत, हे नेमके सांगावे. रुग्णाशी समोरून, सावकाश व छोट्या वाक्यांत बोलावे. 'मुंग्या नाहीतच' असा वाद घालू नये. 'तुम्हाला भीती वाटते आहे. मी येथेच आहे' एवढे पुरे. ओळखीचे माणूस जवळ असावे, रात्री मंद दिवा असावा. हात पलंगाला बांधू नयेत; त्याने भय व इजा दोन्ही वाढतात. गरज संपताच मूत्रनलिका काढण्याविषयी विचारावे. गुंगीचे औषध हा डॉक्टरांनी योजावयाचा शेवटचा मार्ग होय.

बरे होण्यास कधी काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. काहींची बुद्धी पूर्ववत होतही नाही. म्हणूनच रुग्णाला नित्य ओळखणाऱ्या माणसाचे 'आज यांचे काहीतरी वेगळे आहे' हे वाक्य परिचारिकेने नेहमीच गांभीर्याने घ्यावे.

प्रश्न

1. मुग्धभ्रांती व स्मृतिभ्रंश यांतील मुख्य भेद सांगा.
2. गप्प झालेल्या वृद्ध रुग्णाकडे अधिक लक्ष का द्यावे?
3. आपल्या घरी वृद्ध रुग्ण असल्यास प्रतिबंधाचे कोणते उपाय आजच योजता येतील?